आपांचे साडेपाच तास

आपांना कुणी वेळ सांगितली की त्यांच्या कपाळावर आठी पडे. "कुठली वेळ?" मग ती लंडनच्या मीटिंगची असो की कँटीनच्या चहाची. कर्वेनगरच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या टेस्टिंगच्या प्रमुख होत्या आणि अर्धं ऑफिस त्यांना टरकून असे. मला मात्र त्या फार आवडत.

त्या खडकीत वाढल्या; वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. "भोंगा झाला की अख्ख्या वसाहतीची एकच वेळ," त्या म्हणत. "तुमच्या सर्व्हरला भोंगा कोण देणार?" वेळ नोंदवायची आणि ती कुठल्या देशाची हे लिहायचं नाही, याचा त्यांना मनापासून संताप येई.

हॉस्पिटलच्या औषधनोंदींचं काम आलं, तेव्हा मात्र त्यांची थट्टा बंद झाली. वॉर्डातला टॅब भारतातली वेळ लिहायचा, पण ती भारतातली आहे असं सांगायचा नाही. परदेशातला सर्व्हर ती ग्रीनविचची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या घड्याळाची समजायचा आणि परत दाखवताना साडेपाच तास वाढवायचा. सकाळी दिलेलं औषध दुपारी दिल्यासारखं दिसायचं. आपांनी काम अडवून धरलं.

"आपा, पुढच्या व्हर्जनमध्ये करू की," मॅनेजर म्हणाला.

"जरूर करा. पेशंटलाही तोवर थांबायला सांगा."

सॉफ्टवेअर तसंच गेलं. आपांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. डबा पिशवीत घालताना मला म्हणाल्या, "जपून राहा गं. हे आता आपल्याच गावात फिरणार आहे." मला ते जरा जास्तच वाटलं.

परवा बाबांना अ‍ॅडमिट केलं. रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू आहे. चुकून दोनदा गेलं तर रक्तस्राव थांबवणं कठीण, असं डॉक्टरांनी बजावलंय. संध्याकाळी ऑफिसातून पोहोचले, तर बाबा गुंगीत होते आणि नुकतीच ड्यूटीवर आलेली सिस्टर इंजेक्शन भरत होती. शेजारचा स्क्रीन मी लगेच ओळखला. आमचाच. त्यावर शेवटच्या इंजेक्शनची वेळ दुपारची होती.

"दुपारी दिलंय ना?" मी विचारलं.

"छे हो, सकाळी." तिनं बोटांवर मोजलं. "हे साडेपाच तास पुढंच दाखवतं, आम्ही वजा करतो. कालपासून काही नोंदी बरोबर येतात म्हणे, दुरुस्ती केलीय कंपनीनं."

तिनं बाबांची बाही वर केली, आणि मी तिचा हात धरला.

"ही कुठली वेळ?"

सिस्टर पुन्हा बोटांवर मोजू लागली. ही नोंद दुरुस्त झालेली की जुनीच चुकीची, ते स्क्रीनवर कुठंच लिहिलेलं नव्हतं.