चौथा चमचा

आधी माफी मागते. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाला आहे, आणि अजून परीक्षेतलं उत्तरसुद्धा दोनदा खोडून लिहिते. माझ्यासारखीने स्वतःबद्दल चार पानं लिहावीत का, मला ठाऊक नाही. भाषा चुकली तर सांभाळून घ्या. माफी एवढ्यापुरतीच. पुढे जे सांगणार आहे, त्याबद्दल नाही.

"चमचे तीनच मांड," मॅडम म्हणाल्या.

टेबलाशी आम्ही चौघं होतो. कॅफेच्या मालकीण मॅडम. पुण्याहून काम शिकायला आलेली इरा. एका मोठ्या रिसॉर्टचे मॅनेजर, त्यांना सगळे साहेब म्हणत होते. आणि मी. लोणावळ्यातल्या त्या कॅफेत मी दीड वर्ष कॉफी बनवत होते.

त्या दिवशी कपिंग होतं. नवी कॉफी विकत घ्यायच्या आधी तिची चव पारखतात, त्याला कपिंग म्हणतात. जाडसर दळलेली कॉफी वाडग्यात घालायची, वरून कढत पाणी. चार मिनिटांत वर जाड थर धरतो. चमच्याने तो मोडायचा, नाक अगदी वाडग्याशी नेऊन वास घ्यायचा. जरा निवलं की सगळ्यांनी आपापले चमचे त्याच वाडग्यांत बुडवायचे आणि फुर्रकन ओढायचं. मधे मधे चमचा गरम पाण्याच्या ग्लासात खळबळून घ्यायचा. ग्लास सगळ्यांत एकच. जगभर असंच करतात, हे मला मॅडमनीच शिकवलं होतं.

पाच मळ्यांचे पाच नमुने आले होते. त्यातली एक कॉफी निवडायची, मॅडम वर्षाची पोती घेणार, आणि रिसॉर्टला त्याच पुरवणार. वजन मी केलं. दळलं मी. पाणी मी ओतलं. थर मोडायलाही मीच होते. थर मोडणं हे काम. चव घेणं हा मान.

"तू नको गं," मॅडम हळूच म्हणाल्या. "हायजीन असतं ना. तुला नंतर तुझ्या ग्लासात देते."

माझा ग्लास. तो कुठून आला ते सांगायला हवं.

आधी असं नव्हतं. रोज सकाळी मशीनमधून पहिली कॉफी काढली की मॅडम एक घोट घ्यायच्या आणि तोच छोटा कप माझ्याकडे सरकवायच्या. "बघ, आंबट येतंय का?" मी घोट घ्यायचे आणि दळण बारीक-जाड करायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी भाषा सुधारली होती. "गिऱ्हाइकासमोर व्हय नाही म्हणायचं. हो." मी हो म्हणायला शिकले. मला वाटलं, झालं. आता मी ह्यांच्यातली.

मग मी चौदा एप्रिलची सुट्टी मागितली.

"चौदाला काय असतं?" विचारता विचारताच त्यांना उमगलं. "अच्छा," म्हणाल्या. थोडं थांबून पुन्हा, "अच्छा."

सुट्टी दिली. पंधराला कामावर गेले, तर माझ्यासाठी एक स्टीलचा ग्लास आलेला होता. जागा सिंकच्या खाली, फरशी पुसायच्या बादलीशेजारी. "तुझं टेस्टिंग ह्यात. हायजीन."

इरा त्यानंतर आली. तिला कपातूनच मिळायचं. एकदा सरावाच्या कपिंगला तिने तोंडातला चमचा न धुताच पुढच्या वाडग्यात बुडवला. मॅडम हसल्या. "वेंधळी आहेस अगदी."

तो ग्लास पाहून मला मळवलीची एक खिडकी आठवली. माझे आण्णा तिथे एका बंगल्याची राखण करतात. मालक शनिवार-रविवारी येतात. आण्णांचा चहाचा कप पंपाच्या खोलीच्या खिडकीत असतो. कान तुटलेला, पालथा घातलेला. लहानपणी मी विचारलं होतं, "आण्णा, तुमचा कप भाईर का?"

"आगं, च्या तर देत्यात ना. कपाला काय चाटायचंय?"

मला आण्णांची लाज वाटायची. खरं लिहिते. मालकाची नाही, आण्णांची. वाटायचं, मी कॉलेजला जाते, एवढं मोठं मशीन चालवते, माझा कप कोणी खिडकीत ठेवणार नाही. माझा ग्लास सिंकखाली होता. तरीही महिनाभर मी त्यातच चव घेतली, धुऊन पुन्हा बादलीशेजारी ठेवला. घरी सांगितलं नाही. आण्णा म्हणाले असते, त्यात काय.

तर, कपिंग. मी थर मोडत गेले. एक. दोन. तीन. चौथ्याला हात थांबला.

आमच्या घरी एका वर्षी छप्पर गळून भाताचं पोतं भिजलं होतं. आईने भात उन्हात वाळवून परत भरला. दिसायला चांगला होता. शिजल्यावर कळायचं. तोच वास. फार बारीक, चॉकलेटसारख्या गोड वासाच्या मागे दडलेला. मॅडमना तो येणार नव्हता. कपिंगला सेंट लावून येत नाहीत, आणि साहेब येणार म्हणून त्या दोन फवारे जास्तच मारून आल्या होत्या.

"मॅडम, चार नंबरला..."

"तू थर मोड. मत विचारलं की दे."

साहेब हसले. "स्टाफ फारच हुशार आहे तुमचा."

मी पाचवाही मोडला. कॉफी निवेपर्यंत बाजूला उभी राहिले. टेबलावर तीन चमचे. मांडलेले मीच.

पुढचं नीट सांगता येत नाही. मनात काही मोठं आलं नाही. पंपाच्या खोलीची खिडकी आली. मी ड्रॉवर उघडला, चौथा चमचा काढला, आणि त्यांच्या आधी पुढे होऊन पहिल्या वाडग्यात बुडवला. फुर्रकन ओढलं, शिकवल्यासारखं, मोठ्याने. मग दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा.

मॅडम ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या ओरडल्या नाहीत.

"इरा, ओतून टाक. परत लावू."

"सगळं?"

"सगळं."

इराने एकेक वाडगा सिंकमध्ये ओतला. माझ्याकडे न बघता. पाच वेळा. मी मात्र पाचही वेळा बघितलं. माझी जीभ लागली म्हणून पाच मळ्यांची कॉफी मोरीत गेली. साहेब फोनमध्ये बघत होते.

मग मी माझा चमचा गरम पाण्याच्या ग्लासात खळबळला. टेबलावरचे तिन्ही चमचे उचलले, त्याच ग्लासात टाकले आणि ढवळले. चारही सारखे. एकाच डब्यातले.

"ह्यातला माझा कुठला, ओळखा आता," मी म्हणाले.

मॅडमचा चेहरा अजून आठवतो. मी अधूनमधून मुद्दाम आठवते.

एप्रन काढून काउंटरवर ठेवला. दाराशी पोचले तेव्हा मागून हाक आली. अगदी सहज, काही झालंच नाही अशी.

"काय म्हणत होतीस गं चारचं?"

दीड वर्ष त्यांनी माझ्या नाकाच्या भरवशावर कॉफी निवडली होती. ते त्यांना माहीत होतं, मलाही. माझी जीभ मोरीत ओतली होती, पण नाक अजून हवं होतं. मी वळले. सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

"काही नाही, मॅडम. चांगलाय. तोच घ्या."

कॉफीबद्दल मी बोललेलं हे एकच खोटं.

नंतर दोन महिने मी काम शोधत फिरले. एका ठिकाणी मशीन भारी होतं, पण फोटोपुरतं. एकाने सांगितलं, "वरून सॉस ओत, कॉफी कोणाला कळतेय?" एका ठिकाणी आधी आडनाव विचारलं. समोर ठेवलेलं पाणीसुद्धा न पिता उठले. शेवटी कामशेतला तीन टेबलांचं एक दुकान सापडलं. मालक मंदारदादा, कॉफी स्वतः भाजतात. त्यांनी काहीच विचारलं नाही. वाडगा सरकवला, त्यातून आपण एक चमचा घेतला, दुसरा चमचा मला दिला.

"काय चुकलंय सांग."

मी तशीच उभी.

"काय झालं? चमचा नीट धुतलेला नाही का?"

"धुतलाय."

"मग बुडव की."

मी बुडवला. "जरा जास्त भाजलीय. मागून करपट येतंय."

त्यांनी त्याच वाडग्यातून पुन्हा एक चमचा घेतला. "व्हय गं, बरोबर. उद्यापासून येतेस?"

वाचणाऱ्याला वाटेल, मला भरून आलं असेल. नाही. मला राग आला. एवढं सोपं होतं. मॅडमना एवढंच करायचं होतं.

परवा इराचा फोन आला. ती आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "अगं, त्या दिवशी चार नंबरच घेतला. साहेबांना फार आवडला. पावसाळ्याच्या गर्दीत रिसॉर्टला तीच कॉफी दिली. आणि आता सगळं परत आलंय. पाहुणे म्हणे कपच सोडून उठायचे, ओल्या गोणीचा वास येतो म्हणून. साहेबांनी करारच मोडला. पोती मागच्या खोलीत पडलीयत. मॅडम रोज जाऊन वास घेतात."

"सेंट लावून?"

इराला हसू आलं. मग म्हणाली, "त्यांनी तुला विचारायला सांगितलंय. त्या दिवशी तुला कळलं होतं का?"

मी वाट पाहिली. आता तरी वाईट वाटेल म्हणून. त्या पाहुण्यांचं वाटलं, थोडं. मॅडमचं नाही वाटलं.

"व्हय," मी म्हणाले. "थर मोडला तवाच कळलं. जा, सांग त्यास्नी."

"एवढंच सांगू?"

"आजून एक सांग. पुन्यांदा कुनीबी मला चव विचारली, आन् माजा चमचा त्यांच्या ग्लासात नसला, तर मी हेच सांगनार. चांगलाय. तोच घ्या."