पेठच्या ओढ्यावरची दगडमाशी

नाशिकच्या एका कॉलेजात उज्वलाबाईंनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्याच विभागातल्या यादवसरांशी संसार केला. लग्नानंतरही ते 'मॅडम' म्हणत आणि त्या 'सर'. त्यामुळे त्यांची भांडणं घरातली न वाटता स्टाफरूममधली वाटत. त्यातलं एक मात्र संसारभर पुरलं, आणि तेही एका माशीवरून.

पेठकडच्या ओढ्यांत, वाहत्या पाण्यातल्या दगडांखाली हा किडा वाढतो. मराठीत त्याला धड नाव नाही, म्हणून सर दगडमाशी म्हणत. मागे दोन शेपट्या दिसल्या की दगडमाशी, एवढं पहिल्या वर्षाच्या पोरांनाही जमायचं. पण तिच्यातली जात कोणती, हे ठरायचं नराच्या पोटाच्या टोकात दडलेल्या इंद्रियावरच्या बारीक काट्यांवरून. नर जिवंत असतानाच पोट हलकेच दाबलं की ते बाहेर येतं, मग त्याला स्पिरिटमध्ये टाकायचं. संसाराच्या सुरुवातीला एकदा दिवेलागणीला दोघांना ओढ्यावर एकच नर सापडला आणि शेवटची एसटी चुकेल या घाईत बाईंनी तो न दाबताच कुपीत टाकला. काटे आतच राहिले, आणि वादाला तोंड फुटलं.

सर म्हणायचे, डोक्यावरचा डाग बघा, ही वेगळी जात आहे. बाई म्हणायच्या, रंगावर काय जाता, ही आपली नेहमीचीच, आत काट्यांची एकच ओळ निघेल. पोटाचं टोक कापून कॉस्टिक सोड्यात ऊन केलं असतं तर मांस विरघळून काटे दिसले असते आणि निकाल लागला असता. पण सर कुपीला हात लावू देतील तर शपथ. "एकच आहे, मॅडम. कापायची नाही." मग चहा निवेपर्यंत दोघं तावातावाने भांडत आणि तोच चहा पुन्हा गरम करून पीत.

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. घर फार गप्प झालं. बाईंना सगळ्यात जास्त आठवण यायची ती त्या भांडणाचीच. परवा कपाट आवरताना कुपी हाती लागली. बूच सैल झालेलं, स्पिरिट तळाला गेलेलं. आणखी एक उन्हाळा गेला असता तर माशीचा भुगा झाला असता. बघायचं तर आत्ताच. बाईंनी मायक्रोस्कोप काढला, पण हात पुढे होईना. आपण या वादात हरावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं.

चिमट्याने माशी बशीत घेतली तर पोटाचं टोक आपणहून सुटून बाजूला पडलं. कुजलं म्हणावं तर काप स्वच्छ होता, डावखुऱ्या हाताचा, तिरका. सर डावखुरे होते. टोक कॉस्टिकने केव्हाच साफ होऊन काचेसारखं पारदर्शक झालं होतं. आत काट्यांची एकच ओळ होती.

बाईंना आधी हसू आलं, मग रडू, आणि मग दोन्ही एकदमच म्हणा ना.

संध्याकाळी लेकीचा, हर्षालीचा फोन आला. तिला हा वाद लहानपणापासून तोंडपाठ. कुपी उघडल्याचं ऐकताच, शेवटी कोण जिंकलं, म्हणून तिने विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या बाबांना ते माझ्या कितीतरी आधी कळलं होतं. भांडण संपेल म्हणून बोलले नाहीत."