उलट्या घडीतली दिवेवाली

गल्लीत तिला घडीवाली म्हणत. छापखान्यातून छापील ताव यायचे, ते हाडाच्या पट्टीने दाबून दुमडायचे, सोळा-सोळा पानांची घडी करून परत पाठवायची, हे तिचं काम. काम दोन खोल्यांतलं आणि जगणंही तेवढ्यातलंच. सासू चार वर्षं अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. घडीवाली नळावर गेली तरी आतून हाक यायची, "मेलीस का गं?"

"जिवंत आहे, आई. नशीब तुमचं!"

दोघींना चैन एकच. छापखाना दर महिन्याला अद्भुत गोष्टींची एक पुस्तिका काढायचा. यंदा त्यात बारा गोष्टींची मालिका होती: भुयारातल्या नगरीत अडकलेली एक पोर रोज देवापुढे दिवा लावते आणि विचारते, "तू आहेस का?" देव बोलत नाही. पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा वात वळते. घडीवाली हे मोठ्याने वाचायची आणि तो प्रश्न दोनदा वाचायची. तिचाही देव असाच मुका होता.

अकरा गोष्टी झाल्या. बारावी, शेवटची आली. तिच्या अखेरच्या तावाच्या पाचशे प्रती आल्या त्या दुपारी सासू म्हणाली, "आज पोर सुटली पाहिजे. नाहीतर त्या लिहिणाऱ्याचं नाव टाकलं मी."

घडीवालीने पहिला ताव घाईघाईने दुमडला आणि वाचू लागली. दिवा विझेल म्हणून पोर माघारी फिरली, काळोखात उतरली, वात सारखी केली. मग दाराशी आली, दार ढकललं आणि उन्हात उभी राहिली. पान संपलं.

"सुटली!" सासूचा एकच हात उठला. "पुढे?"

घडीवालीची नजर पानांच्या आकड्यांवर गेली. ताव उलटा दुमडला होता. शेवटची आठ पानं आधी आली होती, आधीची आठ मागून. खऱ्या गोष्टीत पोर दिव्यासाठी उन्हातून भुयारात परत फिरली होती.

"पुढे काही नाही, आई. उन्हातच आहे ती."

"आणि दिव्याचं कोण बघणार?"

घडीवालीने घडी मिटली.

सासूने छताकडे पाहिलं. "जळेल जळेल तोवर. मागे वळून बघू नकोस म्हणावं तिला."

ती उलटी घडी घडीवालीने सासूच्या उशीखाली सरकवली. उरलेले चारशे नव्व्याण्णव ताव पुढ्यात ओढले, पट्टी हातात घेतली. आता चूक करून चालणार नव्हतं. दिवेलागणीपर्यंत तिने त्या पोरीला चारशे नव्व्याण्णव वेळा, नीट कडा जुळवून, भुयारात परत पाठवलं.