धरलं हाय

या सदरात लोक लिहितात ते मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. चाळीस वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे कुणी काही सांगितलं की आधी ताळा करून बघायची खोड आहे. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितोय, कारण भाची पाठ सोडत नाही. टाईपही तीच करतेय... मधे मधे "मामा, इतकं कोरडं नका सांगू" म्हणतेय, तिकडे दुर्लक्ष करावं.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्यानंतरची ती पहिली थंडी. वाशीम जिल्हा वेगळा नव्हता, सगळं अकोल्यातच. मी शिरपूरला नवा मास्तर. थोरली बहीण, ताई, हिचं सासर मेडशीच्या पुढे घाट उतरला की पायथ्याशी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आज त्या भागात जंगलखात्याच्या पाट्या आहेत, सुट्टीच्या दिवशी हेल्मेटवाली मुलं महागड्या सायकली घेऊन हौसेने येतात. तेव्हा नुसता साग आणि धावडा, आणि दिवसातून दोन मोटारी गेल्या तर गेल्या.

ताई बाळंत झाली आणि सातव्या दिवशी तिला ताप भरला. उतरेना. नवव्या दिवशी ती माणसं ओळखेनाशी झाली. मी सकाळीच वाशीमला जाऊन डॉक्टरांकडून पेनिसिलीन घेतलं. सहा छोट्या बाटल्या, कापसात गुंडाळून पत्र्याच्या डबीत. डॉक्टर म्हणाले, "दिवस मावळायच्या आत पहिलं इंजेक्शन गेलं पाहिजे. आणि या फुटल्या तर माझ्यापाशी दुसऱ्या नाहीत."

टोचायला कंपाउंडर ताईच्या घरी येऊन बसला होता. मोटार निघून गेली होती. माझ्याकडे सायकल होती.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. सायकल मला ताईनेच शिकवली. मी नऊ वर्षांचा, ती तेराची. मामाची मोठी सायकल, मी दांडीखालून पाय घालून चालवायचो आणि ती मागून कॅरियर धरून पळायची. "धरलं हाय, चाल!" असं ओरडत राहायची. आणि एकच नियम — "मांगं पाहू नको बापू. मांगं पाहशीन तं पडशीन." एकदा मी पाहिलंच. ताई लांब, शेताकडे जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिथून "धरलं हाय" ओरडत होती. मी पडलो. हनुवटीवरचा वण अजून आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं मी तिला "लबाड" म्हणायचो.

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. त्या काळी सायकलवाले घाट कसा उतरायचे ते आताच्या मुलांना माहीत नसेल. ब्रेकवर कुणाचा भरवसा नसायचा. माथ्यावर एक पानांची फांदी तोडायची, कॅरियरला सुतळीने बांधायची आणि ती रस्त्यावर घासत घासत खाली यायचं. फांदीच्या ओढीने सायकल ताब्यात राहते. खाली आलं की सोडून द्यायची. पायथ्याला करीमभाईंचं चहाचं दुकान होतं, त्यांची चूल वर्षभर या फांद्यांवर चालायची. घाटातून खरखर ऐकू आली की ते आधण ठेवायचे.

मी धावड्याची फांदी बांधली. डबी सदऱ्याच्या आत पोटाशी ठेवून वरून उपरणं घट्ट आवळलं. गाठ मारताना घाई झाली, हे कबूल करतो. दुसऱ्या वळणाच्या पुढे मागचा आवाज एकदम थांबला. सायकल हलकी झाली. सुतळी तुटली होती.

पुढचा ब्रेक दाबला, त्याचं रबर उडून गेलं. मागचा आधीपासूनच नावाला होता. डावीकडे दरी, उजवीकडे खडक, समोर तिसरं वळण, तेही आतल्या बाजूचं. उडी मारता आली असती. हातपाय मोडले असते, पण बहुधा वाचलो असतो. बाटल्या वाचल्या नसत्या. म्हणून उडी मारली नाही. शौर्य वगैरे काही नव्हतं, मी भयंकर घाबरलो होतो आणि ताईचं नाव घेऊन रडत होतो.

आणि मग सायकल मंदावली.

ब्रेक लागल्यासारखी नाही. ब्रेक लागला की पुढे झोक जातो. ही मागून ओढली जात होती, कॅरियरला धरून. हँडल डुगडुगायचं थांबलं. ज्याला लहानपणी कुणी मागे धरून सायकल शिकवली असेल, त्याला ते बरोबर कळेल. मागे खरखर पुन्हा सुरू झाली होती... पानांची म्हणावी तर पानांची, धुळीत पाय घासत पळणाऱ्या माणसाची म्हणावी तर तशी.

मी मागे पाहिलं नाही. एवढा मोठा मास्तर, पण पाहिलं नाही. तिसरं वळण, चौथं वळण, मग सरळ उतार. दुकानासमोर सायकल आपोआप थांबली आणि मी पाय टेकले.

करीमभाई फांदी घ्यायला बाहेर आले. कॅरियरकडे बघत म्हणाले, "मास्तर, फांदी कुठी टाकली?"

"तुटली. वरच्या वळणावर."

"मजाक नका करू. आवाज तं इथलोक येऊन राह्यला होता."

चहा तिथेच राहिला. मी ताईच्या घरी पोचलो, कंपाउंडरने लगेच सुई उकळायला ठेवली. ताई डोळे मिटून निपचित होती. तिची सासू बाजेजवळ बसून होती, म्हणाली, "दुपारून बाजीची दांडी दोन्ही हातानं धरून बसली होती बापू. आमी सोडवाले लय ताकद लावली, पन सुटेनाच. 'धरलं हाय, धरलं हाय' एवढंच बोलून राह्यली होती. आत्ता, तुमी यायच्या जरासं पह्यले सोडलं."

ताईचे तळहात मी उलटून पाहिले. लाल वळ होते. बाजेचं सुंभ रुतलं तरी असे वळ पडतात. दुसरं काही म्हणायला मी तयार नाही.

आता ताळा. मी सायकलवर औषध घेऊन येतोय हे तिला कुणी सांगितलं असेल, आणि तापाच्या भ्रमात तिला जुनं आठवलं असेल. हे पटतं. रस्त्यावर पडलेली एखादी दुसरी फांदी माझ्या चाकात अडकली असेल. हेही पटलं असतं, पण सायकलला काहीच अडकलेलं नव्हतं. मी पाहिलं, करीमभाईंनीही पाहिलं. दुसऱ्या दिवशी परत जाताना दुसऱ्या वळणापुढे माझी धावड्याची फांदी पडलेली दिसली, अर्ध्या सुतळीसकट. उरलेली अर्धी माझ्या कॅरियरला होती. गणित इथे अडतं ते अडतंच. इतक्या वर्षांत मला ते सुटलेलं नाही, आणि कुणी सोडवून दिलं तर मला आवडेल.

ताई वाचली. त्या तापातलं तिला काही आठवत नव्हतं. नऊ दिवसांचं ते बाळ म्हणजे आत्ता टाईप करणारी ही बाई, आणि तिने आत्ता टाईप करणं थांबवलंय.

पुढे बऱ्याच वर्षांनी, ताईचे केस पिकल्यावर, एकदा तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती खूप हसली.

"मी कायले धरीन रे? मी तं तवाही धरत नव्हती. धा पावलं पळाची न् सोडून द्याची."

"ते माहीत आहे मला. वण आहे."

तिने पुढची शेंग उचलली. मग मान वर न करता तिने विचारलं, "त्या दिवशी तू मांगं पाह्यलं का?"

"नाही."

"मंग बरं केलं," ताई म्हणाली.