मान वर ठेवून पोहणाऱ्या सिस्टर

"तोंड पान्यात खुपसलं त समोरचं कोन पाहीन, भाऊ?"

हे आमच्या सिस्टरांचं ठरलेलं वाक्य. म्हणताना मान अशी ताठ करत, जणू गळ्याइतक्या पाण्यात उभ्या आहेत. आरमोरीजवळच्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या परिचारिका होत्या आणि मी औषधं देणारा. आता त्यांची बदली आलापल्लीकडे झाली आहे. केंद्रात शांतता आहे आणि ती मला मुळीच मानवत नाही, हे आधीच कबूल करतो.

चाळिशी उलटल्यावर सिस्टरांनी ट्रायथलॉनचं खूळ डोक्यात घेतलं. जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, लगेच नव्वद किलोमीटर सायकल, वर एकवीस किलोमीटर धावायचं. मला तर ऐकूनच दम लागला. त्यांना मात्र काळजी नव्हती. लसींचा डबा घेऊन गावोगाव सायकल हाणण्यात त्यांची वर्षं गेली होती. पोहण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्या ढिवराच्या घरच्या. तलावात जाळं टाकणाऱ्या वडिलांनीच त्यांना लहानपणी पाण्यात सोडलेलं.

आणि घोटाळा नेमका पोहण्यातच झाला. नागपूरच्या प्रशिक्षकाने सांगितलं, मान वर काढून पोहणं चूक, तोंड पाण्यात घाला. सिस्टरांनी निमूटपणे घातलं. समुद्रातल्या पहिल्या स्पर्धेत गढूळ पाण्याकडे बघत बघत त्या भलतीकडेच गेल्या, घाबरल्या, आणि बचावाच्या होडीने त्यांना उचलून काठावर आणून ठेवलं. सायकलला हातसुद्धा लागला नाही.

घरी वडिलांनी एवढंच विचारलं, "ढिवराची पोरगी, अन् तुले डोंग्यात टाकून आनलं?"

त्यानंतर ते मुलीशी पाण्याबद्दल बोलेनासे झाले. जेवलीस काय, ड्युटी कशी हाये, एवढंच. पण तलावात पाणी किती, जाळ्यात काय सापडलं, हे रोजचं बोलणं बंद. एकदा लसींची यादी करता करता सिस्टर म्हणाल्या, "स्पर्धा गेली त गेली, भाऊ. बाबा माह्याशी पान्याचं बोलतच नाई." आणि यादीवर एक थेंब पडला. मी औषधांच्या कपाटात उगाच काहीतरी शोधू लागलो.

पुढच्या वर्षासाठी त्यांनी वडिलांचीच पद्धत धरली. मान वर, नजर समोर. आमच्या तलावात शिंगाड्याचे वेल असतात, जाळी असतात, कधी साप असतो. पाहिल्याशिवाय पुढे जाणं शहाणपणाचं नाहीच. उजाडलं की त्या पाण्यात आणि मी घड्याळ, काठी घेऊन तलावाच्या बांधावर. काठी वाघासाठी.

"वाघ आला त काय करान, भाऊ?"

"तुम्ही पाण्यात आहात, सिस्टर. तो मलाच खाईल."

"मंग घड्याळ इकडं फेकून द्याजा. येळ मोजाची राहून जाईन."

अशी ही बाई. तुम्हीच सांगा, हिच्यावर रागवायचं कसं?

दुसऱ्या स्पर्धेला मी सोबत गेलो. नियम कडक होता. सत्तर मिनिटांत पाण्याबाहेर आलं नाही, तर तिथूनच घरी. साठ मिनिटं झाली. भराभर माणसं बाहेर येत होती, सगळ्यांच्या टोप्या सारख्याच. बासष्ट झाली. त्यांच्यासाठी आणलेली केळी माझ्या हातात पार चेंदून गेली होती. त्रेसष्टाव्या मिनिटाला लांबवर एक डोकं दिसलं. आजूबाजूला नुसते हात वरखाली होत होते, आणि मधोमध हे एकच डोकं ताठ, सरळ काठाकडे बघत येत होतं. होडी जवळ गेली तशी त्यांनी तिला हातानेच लांब हो म्हणून खुणावलं.

सदुसष्टाव्या मिनिटाला सिस्टर आपल्या पायांनी वाळूत आल्या. मी वाळूत फतकल मारून बसलो आणि चारचौघांत रडलो. इतकं हलकं मला माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही वाटलं नव्हतं.

सायकल, धावणं त्यांनी कुरकुरत पण वेळेत उरकलं. संध्याकाळी गळ्यात पदक घालून त्या एका दगडावर बसल्या आणि वडिलांना फोन लावला. त्यांचे हात घामाने निसरडे झाले होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकून मी धरला.

"बाबा, मी माह्या पायानं बाहेर आली. कोनी उचललं नाई."

पलीकडे वडील खाकरले.

"पानी कसं होतं?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनी तो कानाशी दाबून धरला.

"खारट होतं, बाबा. पन मानसाले वरत उचलून धरते."

"अन् मासे?"