दादाचं प्रायोपवेशन

भाताच्या व्यापारात मी भल्याभल्यांना वाकवलं. लोणावळ्याच्या डॉक्टरांना मात्र वाकवता आलं नाही. माझ्या थोरल्या भावाच्या पोटात गाठ होती. मुंबईच्या इस्पितळानं हात टेकले होते. डॉक्टर कधीमधी मॉर्फियाची सुई देत, पण तिचा गुण फार वेळ टिकत नसे. मग दादाचं ओरडणं गल्लीभर ऐकू जाई. शेवटी तोच मला म्हणाला, "डागदराला म्हनावं, येकदाच काय ती मोठी सुई दे. मोकळा कर मला."

डॉक्टर म्हणाले, "आमचं काम जीव वाचवायचं."

"मंग वाचवा की!" मी ओरडलो. त्यांनी मला दाराबाहेर काढलं.

तळेगावच्या वकिलांनी कायदा सांगितला. सुई देणारा खुनी, मी त्याचा साथीदार, आणि दादा त्यातून वाचलाच तर आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल तोही गुन्हेगार.

"म्हंजे मेला तर सुटला, जगला तर तुरुंगात?"

"कायदा तसाच आहे," वकील शांतपणे म्हणाले.

गावच्या शास्त्रीबुवांना विचारलं, ते तर भडकलेच. आत्महत्या महापाप, भोग भोगूनच संपवायचे. पण उठता उठता म्हणाले, "त्यानं आपणहून अन्नपाणी सोडलं, तर ते प्रायोपवेशन. त्यात पुण्य आहे."

दादानं हे ऐकलं आणि पेजेची वाटी, पाण्याचा तांब्या, दोन्ही दूर सारली. बातमी पार मळवलीपर्यंत गेली. आमच्या ओटीवर माणूस मावेना. हार आले, नारळ आले. वकील दादाच्या पाया पडले. डॉक्टरही हात जोडून उभे राहिले. सुईची पेटी तेवढी घरी ठेवून आले होते.

दादा पुटपुटला, "आरं, मागितलं तवा मरू दिलं न्हाई, आन आता पाया पडत्यात."

हसताना त्याचे सुकलेले ओठ फाटले. मग त्यानं पाणी मागितलं.

शास्त्रीबुवा पुढं झाले. "आता नको. व्रत मोडेल. थोडंच राहिलंय." बायकांनी नामाचा आवाज चढवला. मी तांब्या उचलला, तर वकिलांनी माझा दंड धरला.

"सोडा," मी म्हणालो. "पानी पाजायला कुठलं कलम लागतं ते मागनं सांगा."

दादा घटाघटा प्यायला. ओटी रिकामी झाली. भावाचा जीव घ्यायला निघालेला मी आता त्याचं पुण्य बुडवणाराही ठरलो. त्यानंतर दादा बरेच दिवस ओरडत होता, पण दर्शनाला कुणी फिरकलं नाही. रोज तो मला शिव्या घाली, "पानी का पाजलंस रं?" आणि शिव्या देऊन घसा सुकला, की पुन्हा तांब्याकडं बोट करी.