कार्यानुभवाचा तास

परिपत्रक हा शब्द कानावर पडला की माझं डोकं अजूनही तडकतं. सगळी नोकरी मी ती परिपत्रकं वाचण्यात घालवली. सायक्लोस्टाइल केलेली, निळसर, डावीकडची दोन अक्षरं हमखास कापली गेलेली. देशाचं शिक्षण बदलायचं ते दिल्लीत ठरायचं, मुंबईत त्याचं मराठी व्हायचं, आणि नागपुरात महाल भागातल्या आमच्या हायस्कुलात पोचेपर्यंत त्यातून ही दोन अक्षरं गेलेली असायची. ती ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं भरून घ्यावीत.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची येऊ घातली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. नवा आराखडा आला, नवं गणित आलं, आणि त्यांच्याबरोबर कार्यानुभव आला. मुलांनी नुसतं घोकू नये, हातांनी काम करावं, श्रमाची लाज बाळगू नये, असा त्याचा हेतू. हेतू मला मनापासून पटला होता, हे आधीच सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई मुळातच खवट. खवट मी नंतर झाले.

कार्यानुभव कोणी शिकवायचा, यावर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गणिताची, त्यात सगळ्यात नवीन. "मापं-बिपं तुम्हालाच समजतात, बाई," मुख्याध्यापक म्हणाले आणि विषय संपला. शनिवारचा शेवटचा तास मिळाला. साहित्य म्हणून पुठ्ठे, कात्री आणि खळ. त्यातून मुलांनी पेट्या आणि कागदी फुलं करायची, ती वर्षाच्या शेवटी कपाटात मांडायची, आणि तपासणीला साहेब आले की कपाट उघडायचं.

दुसऱ्या वर्षी कळलं की चौकातला स्टेशनरीवाला ही फुलं तयारच विकतो. मी एकदा त्याच्याकडे खडू घ्यायला गेले तर मला न ओळखता विचारतो, "कोन्ती शाळा?" मी नाव सांगितलं तर म्हणतो, "पलीकडच्या शाळेत गुलाबी चालतेत, तुमच्यात पिवळी." म्हणजे कोणत्या शाळेतल्या बाईंना कोणतं फूल आवडतं, हे त्याला पाठ होतं. मी पिवळी मागत होते म्हणे! मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

आणि या फुलांच्या वर्गात, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर, एक मुलगी बसायची जिला लुगडं विणता येत होतं.

ती नववीत होती. तिचं घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर, विणकरांच्या वस्तीत. बीजगणितात तिचा हात असा चालायचा की फळ्यावर मी गणित लिहून मागे वळेपर्यंत तिचं उत्तर तयार. पण येणार तेव्हा ना! आठवड्यातले तीन दिवस ती गैरहजर. हजेरीपटावर तिच्या नावापुढे नुसत्या फुल्या. एकदा मी रागानंच विचारलं, "काय गं, शाळा काय धर्मशाळा आहे? वाटेल तेव्हा यायचं?" ती नुसती उभी राहिली. तास सुटल्यावर दाराशी थांबून म्हणाली, "बाई, मले दहावी कराची हाये. मॅट्रिक झाली का नर्सिंगले घेतेत म्हनते. माहं नाव नका कापू."

त्या संध्याकाळी सायकल घेऊन मी तिच्या घरी गेले. पुढच्या खोलीत माग, आणि माग वगळता खोलीत फारशी जागाच नाही. आईला दम्याचा त्रास, ती भिंतीला टेकून बसलेली. वडील पाठीच्या दुखण्यानं सलग बसू शकत नव्हते. मागावर ही होती. धोटा इकडून तिकडे जात होता, पाय मागाखालच्या पावड्यांवर चालत होते आणि काठाची नक्षी बोटागणिक पुढे सरकत होती. मला पाहून ती उठायला लागली तर वडील म्हणाले, "बस वं, धागा तुटन." मग मला म्हणाले, "बाई, पोरगी घरी बसून नाई राहिली. काम करून राहिली. आईच्यानं सुताच्या कांड्याबी भरनं होत नाई आता. मी काय करू, तुमीच सांगा."

परत येताना डोक्यात एकदम प्रकाश पडला. परिपत्रकात एक वाक्य होतं, अक्षरं न कापता आलेलं: स्थानिक व्यवसायांना प्राधान्य द्यावे. मग हिचा माग हाच हिचा कार्यानुभव! त्या तासांची हजेरी धरली तर हिची हजेरी भरते, ही परीक्षेला बसते, दहावीत जाते. मला माझ्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की घरी जाऊन मी लगेच अर्ज लिहून काढला.

मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला. "कल्पना चांगली आहे. पण माझ्या अधिकारात नाही. सदरच्या ऑफिसात द्या." सदर या वस्तीतल्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात टेबलामागे एक बाबू होते. त्यांनी अर्ज उलटा करून मागची बाजूही पाहिली, तिथे काही आहे का म्हणून.

"माग शाळेत आहे काय?"

"नाही. घरी आहे."

"मग कसं होईन, बाई? कार्यानुभव शाळेत झाला पायजे."

"पण ती खरं काम करते हो. लुगडी विणते."

"तेच तर सांगून राहिलो ना. तिले आधीच येते. तो धंदा झाला, कार्यानुभव नाही. देखो, जे येत नाही ते शिकवाचं असते."

मला त्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. तरी त्यांनी अर्ज घेतला, आवक क्रमांक घातला, आणि सांगितलं, वरून उत्तर येईल. मी चार वेळा सायकल मारत सदरला गेले. चारही वेळा अर्ज वर होता. वर म्हणजे कुठे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दिवाळी झाली. दुसरं सत्र सुरू झालं. ती यायचीच बंद झाली. आईनं अंथरूण धरलं होतं. वर्गशिक्षिका मीच. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, इतक्या दिवसांची सलग गैरहजेरी. नियमानं नाव कमी करावं लागतं. तपासणी आहे पुढच्या महिन्यात." मी पुष्कळ वर्षं सांगत आले की मुख्याध्यापकांनी नाव कापलं. ते खोटं आहे. पट माझा होता, लाल पेन माझं होतं. रेघ मी मारली, पट्टी धरून, सरळ.

मग जानेवारीत शाळांचं कार्यानुभव प्रदर्शन जाहीर झालं. या वर्षी साहेबांचा जोर म्हणे स्थानिक व्यवसायांवर! मुख्याध्यापक धावतच वर्गात आले. "बाई, ती तुमची विणकराची मुलगी. तिच्याकडून एक नमुना आणा ना. बक्षीस मिळालं तर पुन्हा नाव दाखल करून घेऊ, माझा शब्द." मला त्यांचा रागही आला आणि आशाही वाटली. आशा जास्त वाटली, म्हणून गेले. सोबत माझं गणिताचं पुस्तक नेलं, म्हटलं मधल्या वेळात वाचत राहा. तिनं चार दिवसांत हातभर कापड विणून दिलं. काठाला दोन्ही बाजूंनी अशी नक्षी, की मी ते हातात धरून गल्लीतच उभी राहिले.

प्रदर्शनात सगळ्या शाळांची फुलं होती. गुलाबी, पिवळी, आमच्या स्टेशनरीवाल्याची. साहेब चालत चालत आमच्या टेबलाशी आले आणि थांबले. कापडावरून हात फिरवला. "वा! कोणत्या मुलीनं केलं हे?"

मुख्याध्यापकांनी आमच्या वर्गातल्या एका मुलीला पुढे केलं. चांगली मुलगी, फुलं आणणारी. कापडापुढच्या कार्डावर तिचंच नाव होतं. ती बिचारी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त घाबरली होती. साहेबांनी तिची पाठ थोपटली आणि बक्षीस तिच्या हातात दिलं.

मी मुख्याध्यापकांना कोपऱ्यात गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही काहून चिडून राहिल्या? पटावर जिचं नाव नाही तिचं कार्ड कसं लिहिणार?" मी म्हटलं, तुम्ही नाव दाखल करणार होता. "बक्षीस तिच्या नावानं मिळालं असतं तर केलं असतं ना."

साहेबांसमोर जाऊन खरं सांगायला हवं होतं, ते मी केलं नाही. पंचविशीची होते, नोकरी पक्की व्हायची होती. कारण खरं आहे आणि मला त्याची लाज वाटते.

मार्चच्या सुरुवातीला उत्तर आलं. प्रदर्शनातलं कापड साहेबांना भावलं होतं, त्यामुळे वर गेलेला माझा अर्ज एकदम खाली आला. सूचना स्तुत्य आहे, घरच्या व्यवसायाचे तास कार्यानुभव म्हणून धरण्यास जूनपासून हरकत नाही. मी ते पत्र घेऊन अक्षरशः उडत तिच्या घरी गेले. जूनला पुन्हा नववीत ये, हजेरीची काळजी नाही, हे सांगायला.

ती मागावरच होती. तिनं पत्र घेतलं आणि सावकाश दोनदा वाचलं. मग विचारलं, "बाई, प्रदर्शनात कोनाचं नाव होतं?" मी सांगितलं. ती हसली, रागावली असती तर बरं झालं असतं.

"माहं लगन ठरलं, बाई," ती म्हणाली. "उमरेडले. त्यायच्या घरी दोन माग हायेत. पाहाले आले तवा कितवी शिकली ते कोनं नाई इचारलं. दिवसाले किती इनते ते इचारलं."

आतून आई खोकत म्हणाली, "बाईले चहा टाक वं." ती उठली, पण आधी कोनाड्यातून माझं पुस्तक काढून आणलं. त्याला मागावरच्या उरलेल्या कापडाचं कव्हर घातलं होतं. पत्राची घडी करून तिनं त्या पुस्तकात ठेवली आणि दोन्ही माझ्या हातात दिली. "हे घेऊन जा. दुसऱ्या कोनाले कामी येईन."

गल्लीच्या तोंडाशी सायकल थांबवून मी पुस्तक उघडलं. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत एकेक उदाहरण सोडवलेलं होतं, खाडाखोड न करता. वर्गात मी त्या आठवड्यात नववं प्रकरण सुरू केलं होतं. तिचं बारावं संपलं होतं.